आजीच्या डब्यातली नाणी, आणि त्यांची किंमत नक्की कशावर ठरते

प्रश्न थोडक्यात असा आलाय की आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक पितळी डबा सापडला, त्यात चाळीसेक नाणी आहेत. राणीछाप रुपये सात, एक १९३९ चा रुपया, एक वाघाचा १९४७ चा, भोकाचे पैसे, पाच-सहा जाड ओबडधोबड तांब्याची नाणी, आणि एक राम-सीतेचं चित्र असलेलं १८१८ सालचं. काळी पडलीत, चिंच लावून साफ करू आणि मग फोटो टाकू का, व्हिडिओत तर अशी नाणी लाखोंना जातात म्हणून दाखवतात, खरंच तेवढी किंमत येते का.

सगळ्यात आधी, चिंच लावू नका. लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट नको, भांड्यांची पावडर नको, कपड्याने घासणंसुद्धा नको. मी गेली पंचवीसेक वर्षं नाणी गोळा करतोय, बघतोय, लोकांना ओळखून देतोय, आणि मनापासून सांगतो की नाणं शंभर वर्षं जमिनीत किंवा डब्यात राहून जेवढं खराब होत नाही तेवढं सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात होतं. डबा उघडला की घरातलं कोणीतरी उत्साहाने स्वयंपाकघरात जातं, आणि अर्ध्या तासात नाणी चकचकीत होऊन ताटात येतात, सगळ्यांना आनंद होतो, आणि तिथेच किंमत गेलेली असते.

हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण एकदा कळलं की हात आपोआप थांबतो. टांकसाळीत धातूच्या चकतीवर दोन ठसे जोरात आपटतात तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा राहतात. न वापरलेलं नाणं उजेडात हळूहळू फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक गोल फिरताना दिसते, ती या रेषांमुळे, तिला आम्ही लस्टर म्हणतो. घासलं की या रेषा कापल्या जातात आणि त्या कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मग उरते ती नुसती पांढरी चमक, आणि अनुभवी माणूस ती हातभर अंतरावरून ओळखतो. काही वर्षांपूर्वी एक काका १८४० चा रुपया घेऊन आले होते, रुमालात गुंडाळून, अगदी जपून. भिंगातून बघितलं तर राणीच्या केसांची एकेक बट सुटी, कानावरचे केस जराही झिजलेले नाहीत, म्हणजे नाणं बाजारात फिरलेलंच नव्हतं, पण मोकळा भाग सगळा मेलेला, एकाच दिशेने बारीक ओरखडे. विचारलं तर म्हणाले लग्नात सुनेच्या हातात द्यायचा म्हणून आदल्या दिवशी ॲसिडमधे उजळून घेतला. १५० पेक्षा जास्त वर्षं कोणीतरी सांभाळलेलं नाणं होतं ते, मला खरंच वाईट वाटलं, आणि त्यांना सांगताना माझाच आवाज बसला.

चांदीवर येणारा काळपट, निळसर, सोनेरी थर म्हणजे टोनिंग, तो घाण नसतो, उलट तो एकसारखा आणि नैसर्गिक असेल तर गिऱ्हाईक त्यासाठी जास्त मोजतं. तांब्यावरचा तपकिरी-हिरवा घट्ट थर म्हणजे पॅटिना, तोही तसाच राहू द्यायचा. फक्त फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, तो धातूचा रोग असतो आणि ओलावा मिळाला की वाढतो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमधे बुडवून ठेवा, सुटेल तेवढी सुटू द्या, ब्रश नको, तेवढंच.

आता किंमत. आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय की जितकं जुनं तितकं महाग, आणि हे सपशेल चूक आहे. पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या जुन्या राजांची, चांदीची छोटी नाणी १६००-१७०० वर्षांपूर्वीची, वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, राजाचा चेहरा, मागे डोंगरासारखं चिन्ह, आणि ती आजही बऱ्यापैकी मिळतात, साधी झिजलेली असतील तर कॉलेजच्या पोरालाही परवडतात. आणि तुमच्या डब्यातला १९३९ चा रुपया, माझ्या आजोबांच्या तरुणपणातला, खरा निघाला तर त्या क्षत्रपापेक्षा कितीतरी पट वर जाईल. कारण किती पाडली हे नाही तर आज किती उरलीत, त्यातली चांगल्या अवस्थेत किती, आणि ती हवी असणारे लोक किती, या तीन गोष्टींच्या ओढाताणीत भाव ठरतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात. काही संस्थानांची तांब्याची नाणी खरोखर दुर्मिळ आहेत पण गोळा करणारे हाताच्या बोटांवर, म्हणून भाव नाही, आणि ब्रिटिश इंडियाचे रुपये सालावार लावून पूर्ण सेट करणारे भरपूर, म्हणून त्यातलं एखादं अवघड साल आलं की उड्या पडतात.

पाडली किती आणि उरली किती यातला फरक बघायचा असेल तर १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या अंगरख्यावर हाराची जी नक्षी आहे त्यात छोटासा हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया लोक शोधतात आणि १९१२ च्या पुढचे बरेचसे चांदीच्या भावाला जातात, एका वर्षाचा फरक.

उलटं उदाहरण तुमचे राणीछाप रुपये. त्यातले १८६२ लिहिलेले दोन-तीन तरी असतील, असतातच, कारण १८६२ हे साल ठशावर तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. बारा वर्षांचा माल एका सालाच्या नावावर, म्हणून १८६२ चा साधा रुपया दुर्मिळ नाही. पण थांबा, मुंबईच्या टांकसाळीने या काळात सालाच्या आसपास बारीक ठिपके टाकून फरक ठेवला होता, आणि त्यातले काही ठिपक्यांचे प्रकार खरंच अवघड आहेत. तसंच १८४० च्या रुपयात राणीचं नाव डोक्यावरून सलग लिहिलेलं की दोन बाजूंना तुटक, गळ्याखाली कोरणाऱ्याची अक्षरं आहेत का, मागच्या हारात फळं किती, हे सगळं मोजतात, अक्षरशः भिंग घेऊन बोरं मोजायची. याला व्हरायटी म्हणतात. १८७६ पर्यंत नाण्यावर क्वीन आहे, १८७७ पासून एम्प्रेस. आणि मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीची खूण बघा, मुंबईच्या नाण्यावर बऱ्याच सालांत एखादा ठिपका किंवा बी अक्षर लपलेलं असतं, कलकत्त्याच्या नाण्यावर बहुतेक वेळा काहीच नसतं. एकाच सालचं एका टांकसाळीचं नाणं ढिगाने आणि दुसऱ्या टांकसाळीचं मिळता मिळत नाही असं होतं. स्वतंत्र भारताच्या नाण्यांनाही हेच, सालाखाली चौकटीसारखी खूण असली तर मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

खालची पायरी मात्र कधी घसरत नाही, ती म्हणजे धातू. राणीछाप, एडवर्ड, पंचम जॉर्ज, आणि १९३८-३९ पर्यंतचे सहाव्या जॉर्जचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही, लोहचुंबकाला पटकन चिकटतो, करून बघा. तो स्वातंत्र्याच्या सालचा म्हणून भावनेने घरात ठेवा, जरूर ठेवा, पण लाख रुपयांची स्वप्नं बघू नका. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ चा, तोही ढिगाने पाडलेला, लहान मुलाला नाण्यांची गोडी लावायला याच्याइतकं छान नाणं नाही.

अवस्थेबद्दल. नाण्याला १ ते ७० असे गुण द्यायची पद्धत आहे, शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मधे आणलेली, ६० पासून पुढे म्हणजे न वापरलेलं. एनजीसी, पीसीजीएस अशा कंपन्या नाणं तपासून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत गुण लिहून देतात. प्रत्येक नाण्याला ते करायची गरज नाही, खर्च नाण्यापेक्षा जास्त व्हायचा. पण तुम्ही स्वतः एवढं बघू शकता की झीज नेहमी उंच जागी आधी दिसते, राणीच्या कानावरचे केस, गाल, मुकुटाचा वरचा भाग, खांद्यावरची नक्षी. अवघड सालात साधं आणि उत्तम यात भावाचा फरक दुप्पट-तिप्पट नसतो, कधीकधी वीस-तीस पटीचा असतो. आणि अजून एक, तुमच्याकडच्या नाण्यांची कड फिरवून बघा, वर टाका लावल्याची खूण आहे का. आपल्या बायका रुपयांना कडी लावून हारात ओवायच्या, हार मोडला की कडी काढली तरी डाग राहतो. असं नाणं कितीही सुंदर असलं तरी संग्राहकाच्या दृष्टीने जखमी, भाव निम्म्याच्या खाली. माझ्या स्वतःकडे असा एक आहे, पणजीच्या हारातला, तो मी कधीच विकणार नाही, पण तो भाव वेगळा.

१९३९ कडे येतो, कारण तुमच्या डब्यातलं तेच एक नाणं असं आहे की ज्याच्यासाठी मी स्वतः प्रवास करून बघायला येईन. सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयांत हे सगळ्यात अवघड साल, आणि म्हणूनच याच्या इतकी बनवाबनवी दुसऱ्या कुठल्या रुपयाची होत नाही. ओतलेली नक्कल असेल तर पकडणं सोपं, वजन चुकतं, अक्षरं साबणासारखी मऊ दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, कडेला कुठेतरी जोडाची रेष लागते. पण अवघड प्रकार म्हणजे १९३८ चा अस्सल रुपया घेऊन शेवटच्या ८ चा ९ केलेला. त्याचं वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाज बरोबर, सगळंच बरोबर कारण नाणं खरंच आहे, फक्त एक आकडा खोटा. तिथे काटा उपयोगाचा नाही, डोळा लागतो. दहा पटीचं भिंग घ्या, दिवा बाजूने आडवा धरा म्हणजे सावल्या पडतील, आणि शेवटचा ९ बघा. त्याच्या डाव्या खालच्या बाजूला, जिथे ८ चं पोट असतं, तिथली जागा आजूबाजूपेक्षा खोल किंवा खरवडलेली आहे का. मग त्याच सालात आधी आलेला ९ बघा, तो खरा आहे हे तर नक्की, त्याची शेपटी, डोक्याची गोलाई आणि या शेवटच्या ९ ची ताडून बघा. दोन भावंडांसारखे दिसले पाहिजेत. मी असे बरेच बघितलेत आणि खरे म्हणून आणलेल्यांत बहुतेक आठाचे नऊ होते, पण बहुतेक, सगळे नाही, म्हणून आशा सोडू नका.

राम-सीतेचं १८१८ वालं मात्र नाणं नाहीये. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. हे देवस्थानाजवळ विकायला किंवा पूजेला बनवलेले टोकन, वर साल आणि कंपनीचं नाव नंतर कोणीतरी घातलेलं. हनुमानाचं, लक्ष्मीचं, अशी खूप येतात. देव्हाऱ्यात असेल तर राहू द्या, आजीने पुजलंय, पण कोणी त्याला तांदूळ खेचणारं, वीज पडलेलं वगैरे म्हणून कोटीची गोष्ट सांगत आलं तर दार लावून घ्या. त्या नादात लोकांनी जमिनी विकल्यात. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच-दहा रुपयांचंही तेच, ती चलनातली स्मारक नाणी आहेत, आजही व्यवहारात चालतात, भाव तेवढाच. आणि जुनं नाणं विकत घेतो पण आधी रजिस्ट्रेशन फी, टॅक्स, कमिशन भरा असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधे स्वतः जाहीर केलंय की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि तिच्या नावाने कोणालाही वसुली करायला दिलेली नाही.

त्या जाड तांब्याच्या नाण्यांबद्दल मला जास्त उत्सुकता आहे, खरं सांगतो. फोटो नाही पण वर्णनावरून शिवराया वाटतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, ज्याला आजी लोक ढब्बू पैसा म्हणायचे. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति, भोवती ठिपक्यांचं कडं. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही पाडायला लागले आणि महाराजांच्या नंतरही सातारच्या छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात पाडतच राहिले, गावोगावच्या टांकसाळींतून, त्यामुळे शिवराई दिसली की ती महाराजांच्या हयातीतलीच असं धरून चालू नका. नंतरच्यांत अक्षरं बिघडत जातात, शिव चं सिव होतं, वेलांट्या फिरतात, काहींवर मधे दोन आडव्या रेघा येतात त्याला दुदांडी म्हणतात, ती उशिराची. भाव ठरतो तो अक्षरांच्या वळणावर, आणि चकतीवर किती अक्षरं पूर्ण उतरलीत यावर. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा येतो. सोन्याचा शिवराई होन कोणी दाखवला तर माझ्यासारख्या चार जणांना दाखवल्याशिवाय हातही लावू नका, अस्सल फारच थोडे आणि नकली गल्लोगल्ली.

हेच मोगली आणि मराठ्यांच्या चांदीच्या रुपयांना. त्यावर फारसी मजकूर असतो म्हणून लोक मुसलमानी नाणं म्हणून बाजूला टाकतात, पण पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, ही मराठ्यांच्या अमलातली नाणी बादशहाच्या नावानेच पडलीत, अंकुश शोधा म्हणजे सापडेल. अशा नाण्यावर टांकसाळीचं नाव आणि साल चकतीच्या आत आलं असेल तर तेच नाणं दुप्पट-चौपट होतं, कडेबाहेर गेलं असेल तर चांदीच्या थोडं वर. पृष्ठभागावर सराफांनी धातू तपासायला मारलेले टोचे असतात, त्याने भाव उतरतो, पण ते त्या काळचे आहेत, घासल्याइतकं वाईट नाही.

अशी नाणी अजून कुठे मिळतील असंही विचारलंय. आजही सगळ्यात चांगली जागा म्हणजे सराफाची मोड. लोक जुनी चांदी वजनावर देतात, त्यात रुपये येतात, आटवायच्या आधी बघू द्या म्हणून ओळख ठेवायची आणि चांदीच्या भावाला घ्यायची, मला माझं पहिलं चांगलं साल असंच मिळालं, जवळपास दोन वर्षं दर शनिवारी जाऊन. प्रदर्शनं, नातेवाइकांचे डबे, आणि झारेकरी, जे सराफ कट्ट्याची माती आणि नदीची वाळू धुतात, सातवाहनांची शिशाची नाणी कित्येकदा त्यांच्या चाळणीतूनच पुढे आलीत.

पण शेतात, पाया खणताना जमिनीत मिळालं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा. आणि १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू, ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक कुरिअर करा म्हणालं तर नाही म्हणा. लोकांना हे सरकारी त्रास वाटतात, पण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एका जागी सापडली, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवलं याचा एवढा उघड पुरावा दुसरा नाही. तो साठा गावात वाटून घेऊन आटवला असता तर किती किलो चांदी झाली असती तेवढंच उरलं असतं. त्याच कारणाने तुमचा डबाही फोडू नका, भावंडांत वाटायच्या आधी सगळी नाणी एकत्र ठेवून फोटो काढा, डब्यात कशी होती, सोबत काय होतं, आजी कुठल्या गावची, लिहून ठेवा.

विकायचं असेल तर वेबसाइटवर मागितलेली किंमत बघू नका, मागायला कोणीही काहीही मागतं, लिलावात प्रत्यक्ष किती आली ते बघा, तेच साल, तीच टांकसाळ, तीच अवस्था, निदान तीन-चार निकाल. लिलाववाले निकाल ऑनलाइन ठेवतात. व्यापारी त्याच्या खालीच घेणार, त्याचं दुकान आहे, ते गैर नाही, पण दोघा-तिघांना दाखवा आणि पहिल्या भेटीत काहीच देऊ नका. ठेवायला मऊ वासाची प्लॅस्टिक पाकिटं नकोत, ती काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा सोडतात, साधी कोरडी कागदी पाकिटं चालतील, एकात एकच नाणं, आणि धरायचं ते कडेने.

तर आता असं करा. काहीही न धुता, खिडकीजवळ आडव्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा मिळतो, त्यावर प्रत्येकाचं वजन घेऊन फोटोखाली लिहा. १९३९ च्या रुपयाचे तीन फोटो हवेत, पूर्ण नाणं, नुसता सालाचा भाग जितका जवळून येईल तितका, आणि कड. शिवरायांचे मात्र सगळ्यांचे टाका, एकही वगळू नका, झिजलेली वाटली तरी.